नको झालेले तिकीट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई बाहेरगावाहून येतात आणि आपल्याला चार शब्द सांगून जातात. यंदा चिटणीसबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्या म्हणाल्या, "या वेळी घरच्याच बाईने बोलायचे," आणि बोट माझ्याकडे केले. माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. पुढची शाळा होती नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात चुलबंद भरली की वाटच बंद. तेव्हा भाषण कसे करतात हे मला ठाऊक नाही. विषय कोणता घेऊ असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्यावर जे गुदरले तेच सांगा की!" त्यांना वाटले असेल मी यजमानांच्या आजारपणाबद्दल बोलेन. परंतु मी दोन रात्री विचार केला आणि जे सांगायचे ठरवले त्यात माझी काही फारशी शोभा नाही. तरी ऐकून घ्या.

माझा विषय आहे तिकीट. रेल्वेचे नव्हे, एसटीचेही नव्हे. नाटकाचे, सामन्याचे, गाण्याच्या जलशाचे तिकीट. आणि ते घेतल्यावर नको झाले तर त्याचे काय करायचे, एवढाच.

आपल्याला तिकिटाची ओळख होते ती मंडईत. दिवाळी सरली, भाऊबीज झाली, बांध्यांतला धान कापून पुंजणे लागले, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ही नाटके होतात आणि त्यांच्या कंपन्यांची कार्यालये वडशाला आहेत, हे आपल्याला नवीन नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला मात्र हे सांगितले तर त्याला खरे वाटत नाही. रात्री दहाला पडदा उघडतो आणि नाटक संपते तेव्हा कोंबडे आरवत असते. कडाक्याच्या थंडीत तीन-तीन हजार माणूस घोंगड्या पांघरून बसते. आणि हे सगळे तिकीट काढून! २०२३ साली सरकारने झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री दिली, तेव्हा कुठे लांबच्या लोकांना आपली नाटके ठाऊक झाली.

तर २०२४ च्या मंडईची गोष्ट. आपल्या गावी नाटक ठरले, कंपनीला बयाणा गेला, आणि गावच्या मंडळाने बायकांच्या तिकिटांचे काम प्रथमच आपल्या महिला मंडळाकडे दिले. खाली बसायचे साठ रुपये, खुर्ची शंभर, पुढची गादी दीडशे. खुर्च्यांची तिकिटे चार वाजताच खलास झाली. संध्याकाळी पाहुणे गाड्या भरून आले आणि खुर्ची नाही म्हणून हिरमुसले. त्या वेळी आपल्यातल्याच एकीकडे चार तिकिटे पडून होती. माहेरची माणसे येणार म्हणून तिने ती घेतली होती, आणि माहेरी काही अडचण निघाली म्हणून ती आली नाहीत. तिने त्यातली दोन तिकिटे मंडपाच्या दाराशी परगावच्या पाहुण्यांना दोनशे-दोनशे रुपयांना दिली. शंभराचे दोनशे!

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर झाली. पुढच्या बैठकीत यावर बोलणे निघाले, आणि सर्वांत मोठ्याने कोण बोलले असेल, तर मी. मी म्हणाले, "मंडळाच्या तिकिटावर आपला नफा काढायचा, तर सिनेमाच्या दारात ब्लॅक करणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी फार बरे वाटले, हेही कबूल करते. ती बाई शांतपणे एवढेच म्हणाली, "तिकिटं मी माझ्या पैशानं घेतली होती. पाहुणे आले नसते तर माझे चारशे रुपये कोनं दिले असते मले?"

याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही नव्हते. ती उठून गेली आणि दोन महिने मंडळात आली नाही. ती कोण हे इथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही: ती माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि दोन महिने आमचे बोलणे काय, तर "गाय सुटली आहे" आणि "नळ आला आहे."

आता पुढची गोष्ट माझी.

आमच्या यजमानांना क्रिकेटचे वेड लहानपणापासून. पानठेल्यावरच्या रेडिओला कान लावून शाळा बुडवलेला माणूस. परंतु नागपूरजवळचे जामठ्याचे मैदान आतून कसे दिसते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या मैदानाला २००८ पासून मोठे सामने होतात, आणि आपल्या गावाहून तिथे जायला तीन-साडेतीन तास लागतात. पण धानाच्या शेतीवाल्याला ते तीन तास सोळा-सतरा वर्षांत सापडले नाहीत. आमचा मुलगा नागपुरास नोकरीला लागला. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे भारत-इंग्लंड सामना होता. पोराने फोनवरून खटपट करून दोन तिकिटे मिळवली. दोहोंचे मिळून तीन हजार रुपये. मला ऐकून घेरीच आली. पण यजमानांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. चार दिवस ते गड्याशीसुद्धा गोड बोलत होते.

४ तारखेच्या रात्री त्यांना मुतखड्याची कळ आली. भंडाऱ्याला दवाखान्यात नेले. मुलगा नागपूरहून धावत आला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कुठे हलायचे नाही. म्हणजे तिकिटे पडून राहणार. मुलगा म्हणाला, "आई, फोनवर जुन्या वस्तू विकतात ना, तिथं टाकून देतो. कोणीतरी घेईल. किती लावू?" मी म्हटले, "घेतली तेवढ्याची लाव." तो म्हणाला, "लोकं दुप्पट देऊन राहिले. पाच हजार लावतो, दवाखान्याचं काम होईल."

भगिनींनो, मी नाही म्हटले असते तर त्याने ऐकले असते. तो ऐकणारा मुलगा आहे. परंतु मी "बरं" म्हणाले. मंडईच्या बैठकीत मी जे बोलले होते ते त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाही. आठवले ते फार मागाहून.

त्याचा फोन दवाखान्याच्या धावपळीत मोकळा हवा म्हणून त्याने जाहिरातीत माझा नंबर दिला. मी सासूबाईंजवळ घरी होते. ५ तारखेला दिवे लागायच्या वेळी एक फोन आला. माणूस हिंदीत फार अदबीने बोलत होता. माताजी, मैं फौज में हूँ, असे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले. सुट्टीवर आलो आहे, भावाला सामना दाखवायचा आहे, पाच हजार लगेच पाठवतो. फौजी म्हटल्यावर आपले मन मऊ होते. माझ्या मावसभावाने वीस वर्षे फौजेत काढली आहेत. त्या माणसाने आधी पाच रुपये पाठवून दाखवले, आणि ते खरोखर माझ्या खात्यात आले. मग म्हणाला, आता मी एक चौकोनी ठिपक्यांचा शिक्का पाठवतो, तो स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, म्हणजे पाच हजार जमा होतील.

मी अडाणी नाही. बचत गटाचा हिशेब तुम्ही माझ्याकडे दिला आहे, फोनवरून पैसे घेणे-देणे मी दोन वर्षे करते. तरीही त्या वेळी माझ्या डोक्यात हा साधा विचार आला नाही, की पैसे येताना पिन कशाला लागेल? पिन म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. आपल्या पेटीतून काढायचे तेव्हा ती लागते. दुसऱ्याने टाकायचे तर फटीतून टाकता येतात. मी शिक्का स्कॅन केला, पिन टाकला, आणि पाच हजार रुपये गेले.

मी ओरडलेच. तो मात्र शांत. "माताजी, ग़लती से उल्टा हो गया, दूसरा भेजता हूँ, दोनों मिलाके दस हज़ार वापस आएँगे." आणि ऐका, दुसऱ्यांदाही मी पिन टाकला! खात्यात तेवढे पैसेच नव्हते, म्हणून ते गेले नाहीत. माझ्या शहाणपणाने मला वाचवले नाही, रिकाम्या खात्याने वाचवले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

आता जे सांगायचे ते सांगताना माझी जीभ जड होते. माझ्या खात्यात त्या दिवशी सात हजार चारशे रुपये होते. त्यांतले तीन हजार चारशे माझे. बाकीचे चार हजार आपल्या बचत गटाचे. वीस जणींचे दोनशे-दोनशे, १० तारखेला बँकेत भरायचे म्हणून मी जमा केलेले. पाच हजार गेल्यावर राहिले चोवीसशे. म्हणजे तुमचे सोळाशे रुपये मी घालवले होते. ज्यांना हे आज प्रथम कळते आहे त्यांची मी हात जोडून क्षमा मागते. १० तारखेला गटाचे पूर्ण चार हजार बँकेत भरले गेले, पासबुकात नोंद आहे, कोणीही पाहावी. परंतु दोन दिवस ते पैसे नव्हते, ही गोष्टही खरी आहे.

त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाईंना सांगितले डोके दुखते. मुलाला सांगितले, तो गिऱ्हाईक काही आला नाही. लाज वाटली म्हणून दोन दिवस कोणाला बोलले नाही, आणि त्या दोन दिवसांनीच माझे खरे नुकसान केले. कारण मागाहून कळले की अशी फसवणूक झाली तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करायचा असतो. हा सरकारचा नंबर आहे, देशभर हाच. लगेच कळवले तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते अडवता येण्याचा संभव असतो. वेळ गेली की ते या खात्यातून त्या खात्यात आणि तिथून काढून घेतले जातात. तुम्ही पदराच्या टोकाला गाठ मारा, नाहीतर चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा: एक, नऊ, तीन, शून्य.

तिकिटांचे काय झाले ते सांगायचे राहिले. ६ तारखेला सकाळी शेजारच्या काकूंच्या भाच्याने, जो नागपुरास शिकतो, त्याने ती घेतली. घेतल्या भावाने, तीन हजारांना. ओळखीचा मुलगा, त्याला पाच हजार सांगायला आमच्या पोराची जीभ वळली नाही. म्हणजे पाहा, ओळखीच्याला खरा भाव आणि अनोळख्याला चढा! यजमानांनी दवाखान्याच्या खाटेवर फोनवर सामना पाहिला. विराट कोहली त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून खेळलाच नाही. त्याला पाहण्यासाठी ज्यांनी दुप्पट-तिप्पट दिले असतील त्यांच्या घरी काय झाले असेल ते त्यांनाच ठाऊक. भारत चार गडी राखून जिंकला, शुभमन गिलने ८७ धावा केल्या. यजमान म्हणाले, "बरं झालं, घरबसल्या पाहिला, पैसे वाचले." मी मान खाली घालून संत्रे सोलत होते.

७ तारखेला रात्री मी जाऊबाईच्या दारात गेले. दुसरे कोणाकडे जाणार? सगळे सांगितले. मला वाटले होते ती म्हणेल, "आता कसं?" म्हणायचा तिला हक्कही होता. ती काही बोलली नाही. आत गेली, दुधाच्या पैशांचा डबा आणला, सोळाशे रुपये मोजून माझ्या ओच्यात टाकले आणि म्हणाली, "पोराले आधी सांग. त्याले फोन करू दे." मुलाने त्याच रात्री १९३० वर तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन आम्ही कागद केला, जाऊबाईही सोबत आली. तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. ते पाच हजार आजवर आलेले नाहीत. पुढच्या महिन्यात खाण्याच्या धानातून थोडा धान विकून मी जाऊबाईचे पैसे फेडले.

यानंतर मात्र मला या तिकिटांच्या व्यवहाराचा छडा लावावासा वाटला. मुलाला सुट्टीच्या दिवशी समोर बसवून विचारत असे. त्याने सांगितलेले थोडक्यात सांगते.

तिकिटे चढ्या भावाने विकणे काही नवे नाही. १९६० साली देव आनंदचा "काला बाजार" नावाचा बोलपट आला, त्यातला नायकच सिनेमाची तिकिटे ब्लॅकमध्ये विकणारा आहे. आपल्या वडिलांच्या पिढीने सिनेमाघराच्या दारात "दो का चार" ऐकलेले आहे. फरक इतकाच की तो माणूस दारात उभा असे, चार लोक त्याला पाहत, पोलीस आला की पळे. आता तो दिसत नाही. तो कुठल्या गावी, कुठल्या देशी बसला आहे हेही कळत नाही.

२०२४ सालची गोष्ट घ्या. इंग्लंडमधले कोल्डप्ले नावाचे गाणाऱ्यांचे एक मंडळ नवी मुंबईला येणार होते. जानेवारी २०२५ मध्ये, डी. वाय. पाटील मैदानावर. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बारा वाजता बुकमायशोवर तिकिटे निघाली. भाव अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. एक कोटीहून जास्त माणसे एकदम तिकिटाला लागली. भंडारा जिल्ह्याची वस्ती बारा लाखांची आहे, यावरून अंदाज करा. एका माणसाला चारच तिकिटे असा नियम केला होता. तरीही थोड्याच वेळात तीच तिकिटे परदेशी बाजारांच्या पानांवर दिसू लागली, आणि भाव लाखांत गेले. ओरड इतकी झाली की खुद्द तिकिटे विकणाऱ्या कंपनीने पोलिसांकडे तक्रार केली, आणि ऑक्टोबरात सक्तवसुली संचालनालयाने पाच शहरांत झडत्या घेतल्या. पुष्कळ लोकांना तर तिकीट म्हणून जे विकले ते खोटेच होते. कोणी मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली; असे कायदे करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, असे सांगितले.

इतर देशांतही हेच दुखणे आहे. आयर्लंडने २०२१ साली कायदा केला, की मोठ्या ठिकाणच्या कार्यक्रमांचे तिकीट छापील भावाहून जास्तीला विकता येणार नाही. इंग्लंडच्या सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तसा बेत जाहीर केला. आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटाला मात्र कायदा जुना आहे. परवान्यावाचून तिकिटांचा धंदा करणाऱ्याला १९८९ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि घरच्याच माणसाच्या नावावर आरक्षणाचे तिकीट फिरवायचे असेल, आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी, तर गाडीच्या चोवीस तास आधी अर्ज करून फिरवता येते. हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते आणि तिकीट वाया जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

मी मुलाला विचारले, "मग आपल्यासारख्याने करावे काय? घरात माणूस आजारी पडले, तिकीट नको झाले, तर ते फाडून टाकावे?" त्याने सांगितले की तसे नाही. काही ठिकाणी जिथून तिकीट घेतले तिथेच ते परत विक्रीला लावण्याची सोय असते. सप्टेंबर २०२४ मध्ये झोमॅटोने, तेच ते शहरात घरोघर जेवण पोचवणारे, अशी सोय जाहीर केली. त्यात आपले जुने तिकीट रद्द होते आणि घेणाऱ्याच्या नावाने नवे निघते, म्हणून एकाच तिकिटाचे दोन मालक होत नाहीत. परंतु त्यातही दुपटीपर्यंत भाव लावायला मोकळीक ठेवली होती, हे मला काही रुचले नाही.

एकाच तिकिटाचे दोन मालक कसे होतात तेही समजून घ्या, कारण यात पोरे फार फसतात. फोनवरचे तिकीट म्हणजे तो ठिपक्यांचा शिक्काच. त्याचे चित्र दहा जणांना पाठवता येते. दारावर जो आधी पोचला तो आत. त्याच शिक्क्याचे बाकीचे नऊ जण बाहेर, आणि त्यांच्यापाशी पैसे दिल्याची पावतीही खरीच असते. म्हणून विकणाऱ्याने तिकिटाचा फोटो शिक्क्यासकट कुठे चिकटवू नये. कोणीतरी तो उचलून आपल्या आधी आत जायचा. आणि घेणाऱ्याने नुसता फोटो पाहून पैसे देऊ नयेत. पुष्कळ तिकिटांवर बारीक अक्षरात असेही लिहिलेले असते, की हे दुसऱ्याला विकता येणार नाही आणि विकले तर दारावर अडवू. आपण बारीक अक्षरे वाचत नाही. मी तर चष्मा लावूनही वाचत नाही.

आता काही जणी म्हणतील, बाई, भाजीवाली दहाची मेथी घेते आणि पंधराला विकते, तिला कोणी चोर म्हणत नाही. मग तिकिटालाच काय झाले? हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा घातला. मला असे वाटते की भाजीवाली पहाटे उठून बाजारात जाते, ओझे वाहते, सडली तर तिची सडते, आणि ती आपल्या दारात मेथी आणून देते. तिकिटाचा दलाल काय आणून देतो? खुर्ची तिथेच असते. त्याने फक्त ती आपल्याआधी धरून ठेवलेली असते. परंतु जिच्या माहेरची माणसे आली नाहीत, किंवा जिचा नवरा दवाखान्यात आहे, ती दलाल नव्हे. तिला आपले पैसे परत हवे असतात. मंडईच्या बैठकीत मी या दोघींना एकाच मापाने मोजले, ती माझी चूक होती. आणि तीन हजारांवर दोन हजार चढवताना मी स्वतः कोणत्या मापात बसत होते, ते तुम्हीच ठरवा.

जाऊबाईने जो प्रश्न विचारला होता, "माझे पैसे कोनं दिले असते?", त्याचे उत्तर शोधायला आपल्याला एक वर्ष लागले. २०२५ च्या मंडईत आपण मंडपाबाहेर एक टेबल मांडले. ज्यांचे तिकीट नको झाले त्यांनी संध्याकाळी सातपर्यंत ते तिथे आणून द्यायचे, वहीत नाव आणि नंबर लिहायचा. टेबलावरून ते छापील भावालाच दुसऱ्याला मिळायचे, आणि पैसे दुसऱ्या दिवशी परत. एक रुपया वर नाही, एक रुपया खाली नाही. टेबलावर बसायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा मीच जाऊबाईचे नाव सुचवले. ती म्हणाली, "मी बसन, पन वही तू लिही." म्हणून त्या थंडीत आम्ही दोघी एका घोंगडीत बसलो होतो. तिकिटे परत आली एकतीस. एकोणतीस विकली गेली. एक म्हातारे पाहुणे खुर्ची मिळाली म्हणून इतके खूश झाले की टेबलावर वीस रुपये ठेवून निघाले. जाऊबाई त्यांच्यामागे धावत जाऊन ते परत देऊन आली. आम्हाला दोघींना नाटकाचा पहिला अंक मिळाला नाही. परंतु झाडीपट्टीच्या नाटकाला पहिला अंक चुकला म्हणून काही बिघडत नाही, पहाटेपर्यंत पुष्कळ शिल्लक असते.

राहिली दोन तिकिटे. ती गादीची होती, दीडशेची, आणि शेवटपर्यंत कोणी घेतली नाहीत. ज्या बाईंची ती होती त्यांचे म्हणणे, टेबलावर दिली म्हणजे मंडळाने घेतली, तेव्हा तीनशे रुपये मंडळाने द्यावेत. कोषाध्यक्षबाई म्हणतात, विकलीच नाहीत तर पैसे कुठून द्यायचे? मला दोघींचेही पटते, म्हणून वहीत मी त्या दोन नावांपुढची जागा कोरी ठेवली आहे. वही मी सोबत आणली आहे. चहा झाला की तेवढे ठरवून टाकू, म्हणजे पुढच्या मंडईला भांडण नको.